बाग गहाण ठेवू नका, लेकीला अडवूही नका

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, नमस्कार. माझी साडेतीन एकर बाग आहे. थोरली मुलगी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गंगापूर रोडला मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. लहानपणापासून तिला यंत्रांचं वेड. फवारणीचा पंप बिघडला की मेस्त्री यायच्या आत तीच खोलून बसायची. मागच्या महिन्यात पाथर्डी फाट्याच्या पुढं रात्री पोरांबरोबर बाइकची रेस लावताना पोलिसांनी तिला अडवलं. घरी आल्यावर मी विचारलं, तर तिनं सगळं खरं सांगितलं. म्हणाली, 'पप्पा, मला प्रोफेशनल ड्रॅग रेसर व्हायचंय. आधी बाइक, मग कार.' तिनं सुझुकीची एक सेकंडहँड हायाबुसा, म्हणजे खूप ताकदीची मोठी बाइक बघून ठेवली आहे, 9 लाखांची. एक एकरावर कर्ज काढलं तर जमेल. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. यात खरंच करिअर असतं का? पैसा घालावा का? तिची आई तर 'आधी लग्न' म्हणून बसली आहे. तिला काय सांगू?"

भाऊ, नमस्कार.

आधी उत्तरं देते, कारणं मागून. बागेवर कर्ज काढू नका. ती हायाबुसा घेऊ नका. रात्रीची रस्त्यावरची रेस आजपासून बंद, त्यात तडजोड नाही. आणि लेकीला या खेळात जाऊ द्या, मनापासून जाऊ द्या. हे सगळं एकत्रच पाळायचं आहे, म्हणून एका दमात सांगितलं. बऱ्याच घरांत यातलं एखादंच घडतं. बाप रागानं किल्ली काढून घेतो आणि पोरं चोरून दुसऱ्याची गाडी पळवतात, नाहीतर मायेपोटी जमीन अडकते आणि दोन वर्षांत ती गाडीही विकावी लागते.

करिअर असतं का, तर असतं. पण ते कशानं बनलेलं असतं, हे आधी समजून घेऊ.

ड्रॅग रेस दिसायला अगदी साधी. सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुटायचं, पाव मैल म्हणजे साधारण 402 मीटर अंतर, आधी पोचेल तो जिंकला. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए ही संघटना उभी केली. सार्वजनिक रस्त्यांवर रेस लावणाऱ्या तरुणांना नियम आणि बंद धावपट्टी मिळावी, हा तिचा मूळ हेतू. म्हणजे तुमची लेक पाथर्डी फाट्यावर जे करत होती, ते रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेण्यासाठीच हा खेळ संघटित झाला. हे तिला जरूर सांगा.

या खेळातला सगळ्यात वरचा वर्ग म्हणजे टॉप फ्युएल. लांबलचक सांगाडा, पाठीमागं सुमारे 11,000 हॉर्सपॉवरचं इंजिन, इंधन म्हणून मुख्यतः नायट्रोमिथेन. ही गाडी 1,000 फूट अंतर (या वर्गाला पाव मैलापेक्षा कमी का, ते पुढं येईल) 4 सेकंदांच्या आत संपवते आणि ताशी 500 किलोमीटरच्या पुढं जाते. आता एक हिशेब मांडून बघा. एनएचआरएच्या एका मोसमात 20 च्या आसपास स्पर्धा असतात. प्रत्येक स्पर्धेत पात्रता फेऱ्या धरून अगदी अंतिम फेरीपर्यंत गेलं, तरी साधारण 8 धावा होतात. 4 सेकंदांप्रमाणे धरलं तर वर्षभरात 10-11 मिनिटं. जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरचं वर्षाचं पूर्ण वेगातलं काम एवढंच.

मग उरलेलं वर्ष जातं कुठं? गॅरेजात, प्रवासात, आकडे वाचण्यात आणि पैसा उभा करण्यात. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात टॉप फ्युएलचं अख्खं इंजिन खोललं जातं, पिस्टन, बेअरिंग, क्लचच्या प्लेटा तपासून बदलल्या जातात आणि गाडी पुन्हा रांगेत लागते. आधीच्या धावेत काय झालं, पट्टी किती तापली आहे, हवा कशी आहे, यावरून क्लच आणि इंधनाचं गणित पुन्हा मांडलं जातं. ड्रायव्हर या सगळ्यातला एक माणूस. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे लगेच पटेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर तो दिसतो आणि पाहणारा म्हणतो, यंदा बाग चांगली आली. धावपट्टीवरचे सेकंद असेच दिसतात. काडी मात्र कित्येक महिने आधी गॅरेजात तयार झालेली असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की या खेळात सीट सगळ्यात शेवटी मिळते. आधी गाडी हाताखालून जावी लागते. जो सीट आधी विकत घेतो आणि कारागिरी नंतर शिकू म्हणतो, त्याचा पैसा आधी संपतो. तुमच्या लेकीकडं पंप खोलायचा हात आहे. 9 लाखांच्या बाइकपेक्षा हे भांडवल मोठं आहे आणि ते तिच्याकडं आजच आहे.

आता मिळकत. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आपल्याकडं ड्रॅग रेसिंगच्या बक्षिसावर घर चालत नाही. टायर, क्लच, इंधन, प्रवास, राहणं, प्रवेश फी यांचा खर्च बक्षिसापेक्षा जास्त येतो. चांगले चांगले रायडर नोकरी, गॅरेज किंवा घरचा धंदा सांभाळून हा खेळ खेळतात. अमेरिकेतही पूर्ण पगारावर गाडी चालवणारे ड्रायव्हर मोजकेच, आणि त्यांचा पगार प्रायोजकांच्या पैशातून येतो. प्रायोजक गेला की भलाभला ड्रायव्हर मोसमभर घरी बसतो. जॉन फोर्स हे फनी कार या वर्गाचे 16 वेळचे विजेते, पण रेसिंगच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी ट्रक चालवला. अँजेल सँपी अतिदक्षता विभागात नर्स होती. तिनं प्रो स्टॉक मोटरसायकल या बाइकच्या वर्गाचं विजेतेपद 2000, 2001 आणि 2002 असं सलग तीनदा घेतलं. जॉन फोर्स यांची मुलगी ब्रिटनी शिक्षिका व्हायचं शिक्षण घेऊन मग टॉप फ्युएलमध्ये आली आणि 2017 व 2022 मध्ये विजेती ठरली. हातात दुसरं काम असणं या खेळात कमीपणाचं नाही. पुष्कळांच्या बाबतीत त्या दुसऱ्या कामानंच खेळ टिकवून धरला.

मुलीनं हे करावं का, असं तुम्ही पत्रात उघड विचारलेलं नाही. पण गावात, भावकीत कोणीतरी विचारणारच, म्हणून तेही सांगते. मोटरस्पोर्टमध्ये बायका आणि पुरुष एकाच वर्गात, एकाच घड्याळावर लढतात असे प्रकार थोडे आहेत. ड्रॅग रेसिंग त्यातला अगदी ठळक. शर्ली मल्डाउनी या पहिल्या महिला, ज्यांना एनएचआरएनं टॉप फ्युएलचा परवाना दिला. त्यांनी 1977, 1980 आणि 1982 असं तीन वेळा विजेतेपद घेतलं, आणि त्या वर्गात तीन विजेतेपदं तोवर कुठल्या पुरुषालाही मिळाली नव्हती. एरिका एंडर्स आठव्या वर्षी ज्युनियर ड्रॅगस्टर या मुलांच्या छोट्या ड्रॅग गाडीत बसली आणि पुढं प्रो स्टॉक या कारच्या वर्गात सहा वेळा विजेती झाली. आपल्या देशात बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से हिनं 2019 मध्ये बाहा या कच्च्या वाटांवरच्या क्रॉस-कंट्री शर्यतींच्या प्रकारातला महिलांचा विश्वचषक जिंकला. तो खेळ वेगळा, पण घरच्यांना दाखवायला नाव जवळचं आहे.

यापुढचा भाग लेकीला वाचायला द्या.

पोरी, तू रस्त्यावर जे करतेस ते ड्रॅग रेसिंगचा सराव नाही. का, ते नीट सांगते, कारण 'पोलीस पकडतील' एवढ्या कारणानं तुझ्या वयाची मुलं थांबत नाहीत.

खऱ्या पट्टीवर सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचे दोन किरण असतात. पुढचं चाक पहिल्या किरणात गेलं की प्री-स्टेजचा दिवा लागतो, आणखी काही इंच सरकलं की स्टेजचा. तिथून समोरच्या खांबावरचे दिवे सुरू होतात. या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. एका पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं लागतात आणि मग हिरवा. व्यावसायिक वर्गांत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि 0.4 सेकंदात हिरवा येतो. हिरवा दिसल्यावर क्लच सोडणारा आधीच हरलेला असतो, कारण डोळ्यानं बघून हात हलेपर्यंत वेळ जातो. पिवळ्यावरच सुटायचं असतं, इतकं मोजून, की चाक किरणाबाहेर पडताना हिरवा लागलेला असेल. हजारांश सेकंदानं आधी निघालीस तरी लाल दिवा आणि बाद.

दुसरी गोष्ट. तुझ्या धावेचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, तुझं चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. म्हणून प्रतिसादाचा वेळ वेगळा आणि धावेचा वेळ वेगळा मोजतात. समज, तुझा प्रतिसाद 0.030 आणि धाव 11.80 सेकंद. शेजारच्याचा प्रतिसाद 0.110 आणि धाव 11.75. धावेत तो वेगवान. पण बेरीज कर: तुझे 11.830, त्याचे 11.860. रेस तू जिंकलीस. तुझ्यापेक्षा चांगल्या गाडीला तू फक्त सुरुवातीच्या रेषेवर हरवलंस. पाथर्डी फाट्यावर कोणीतरी हात खाली करतो आणि तुम्ही सुटता. त्यात तुला यातलं काय कळलं? कोण पुढं गेलं एवढंच. का गेलं, ते नाही.

मी स्पर्धांमध्ये सुरुवातीच्या रेषेजवळ मार्शल म्हणून उभी राहिलेली आहे. धाव संपवून परत आलेल्या रायडरच्या हातात वेळेची चिठ्ठी पडते, तो क्षण बघण्यासारखा असतो. नवखे थेट खालचा आकडा बघतात, शेवटी वेग किती लागला तो, आणि मित्रांना ओरडून सांगतात. मुरलेला रायडर हेल्मेट न काढताच वरची ओळ बघतो, पहिल्या 60 फुटांना लागलेला वेळ. तिथं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचं नुकसान झालं तर शेवटी ते जवळपास दुप्पट होऊन अंगावर येतं. मग त्याच्यात आणि मेस्त्रीत बोलणं होतं ते एवढंच, की क्लच लवकर सुटला का, मागच्या टायरमध्ये हवा किती होती, पुढचं चाक किती उचललं. सगळं हळू आवाजात. शेवटच्या वेगाचं नावही निघत नाही.

तपासणीच्या रांगेतही उभं राहून बघ. अधिकारी थ्रॉटल पूर्ण पिळून सोडतो, ते आपोआप झटकन मिटलं पाहिजे. ऑइलच्या ड्रेन बोल्टला बारीक भोक पाडून तारेनं आवळलेलं असतं, म्हणजे धक्क्यानं बोल्ट सैल होऊन पट्टीवर ऑइल सांडणार नाही. मनगटाला दोरी असते, तिचं दुसरं टोक इंजिन बंद करणाऱ्या स्विचला; रायडर गाडीवरून उडाला की इंजिन मेलं पाहिजे. चेन, ब्रेक, हेल्मेटवरचा प्रमाणपत्राचा शिक्का, सूट, हातमोजे, बूट सगळं बघतात. ही प्रत्येक तपासणी कोणाच्या तरी अपघातातून आलेली आहे. 1970 मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचं ट्रान्समिशन त्यांच्या पायाशी फुटलं आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यांनी पुढच्याच वर्षी इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं असलेली गाडी पट्टीवर आणली आणि हळूहळू सगळा टॉप फ्युएल वर्ग तसा झाला. 2008 मध्ये स्कॉट कॅलिटा यांचा पट्टीच्या शेवटी मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांचं अंतर पाव मैलावरून 1,000 फुटांवर आणलं, म्हणजे थांबायला जास्त जागा मिळावी. इतकी काळजी घेऊनही तिथं माणसं जखमी होतात. आता पाथर्डी फाट्याची रात्र आठव. ताशी 200 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 55 मीटर जाते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली, दुभाजकातून अचानक आलेलं कुत्रं, उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल, खडी. थांबायला राखीव जागा नाही, अँब्युलन्स नाही, तुझी चेन तपासणारं कोणी नाही. आणि समोरून येणाऱ्या माणसानं या रेसला होकार दिलेला नाही. ही गोष्ट मला तुझ्या जिवाइतकीच महत्त्वाची वाटते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलीस तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय गाडीच्या विम्यातून शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. समोरच्याला काही झालं, तर पप्पांची बाग तेव्हा खरंच जाईल.

आता पट्टीकडं कसं जायचं. आपल्या देशात मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, एफएमएससीआय. तिचा स्पर्धा परवाना दर वर्षी काढावा लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणीचा फॉर्म असतो. तिच्याच मान्यतेनं दुचाकींची राष्ट्रीय ड्रॅग रेसिंग अजिंक्यपद स्पर्धा होते, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिच्या फेऱ्या झालेल्या आहेत. बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पा यांनी या स्पर्धेत वर्षानुवर्षं विजेतेपदं घेतली. त्यांच्या धावांचे व्हिडिओ बघ, पण सुटण्याचे पहिले दोन सेकंद संथ गतीनं बघ. या स्पर्धेत लहान भारतीय बाइकसाठीही वर्ग असतात, म्हणजे सुरुवातीला हायाबुसा लागतच नाही. आपल्या बाजूला लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा होत आलेली आहे, तिथं कारही धावतात. पहिल्यांदा जाशील ती बघायला जा, जमलं तर स्वयंसेवक म्हणून जा. नाशिकला हा खेळ अगदीच परका नाही. रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्याच भागातल्या कच्च्या रस्त्यांवरून धावलेली आहे, त्यामुळं मार्शलचं, वेळ नोंदवायचं, गाडी उभी करायचं काम केलेली माणसं शहरात सापडतात. त्यांच्या हाताखाली उभी राहा.

कारपर्यंत जायचं म्हणतेस, तेही अशक्य नाही. अँट्रॉन ब्राउन हे प्रो स्टॉक मोटरसायकलवरूनच टॉप फ्युएलमध्ये गेले आणि 2012 मध्ये विजेते झाले. पण ती वाट भारतातून सरळ जात नाही. इथं त्या ताकदीच्या गाड्या नाहीत आणि तसा नियमित मोसमही नाही. बहरीन, कतार, इंग्लंडमधलं सँटा पॉड, स्वीडन, ऑस्ट्रेलिया इथं कायमच्या ड्रॅग पट्ट्या आहेत. तिथं भारतातून ड्रायव्हर म्हणून कोणी बोलावणार नाही. इंजिन बांधणारी, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग करणारी, धावेचा डेटा वाचणारी म्हणून मात्र जाता येतं, आणि संघात शिरलेल्या माणसाला कधी ना कधी चाचणीसाठी सीट मिळते. तुझी मेकॅनिकलची पदवी इथं उपयोगी पडते. ती अर्धवट सोडायचा विचारही करू नकोस.

भाऊ, आता परत तुमच्याशी.

ती हायाबुसा का नको, ते सांगते. ही 1,340 सीसीची, पावणेदोनशेच्या पुढं हॉर्सपॉवरची गाडी आहे. 155 सीसीसारख्या लहान बाइकवरून उठून तिच्यावर बसलेला नवखा रायडर पहिलं वर्षभर थ्रॉटल पूर्ण उघडायला भितो, आणि भीतीत हात शिकत नाही. दुसरं, नवीन गाडी जवळपास दुप्पट किमतीची असताना 9 लाखांना मिळणारी जुनी गाडी कोणी कशी पळवली आहे हे बाहेरून कळत नाही. ड्रॅग मारलेल्या गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स आतून घासलेला असतो. तो उघडल्यावर खर्चाचा आकडा ऐकून तुम्हाला दुसरं कर्ज काढावं लागेल. सोसायटीचं पीककर्ज, मजुरी, औषधं, मधेच एखादी गारपीट, डावणी रोग, व्यापाऱ्याचे अडकलेले पैसे, हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात जी वस्तू एक रुपया परत आणणार नाही तिचा हप्ता घालू नका. आणि मुलीच्या बाजूनंही बघा. बापाची बाग गहाण आहे हे डोक्यात ठेवून ती सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली, तर प्रत्येक हार तिला गुन्ह्यासारखी वाटेल. जी धाव सोडून द्यायला हवी, जिथं गाडी वाकडी होतेय म्हणून थ्रॉटल मिटायला हवं, तिथं ती मिटणार नाही. कर्जाचं खरं भय मला इथं वाटतं.

मग द्यायचं काय? चांगलं प्रमाणित फुल-फेस हेल्मेट, लेदर सूट, बूट, हातमोजे, परवान्याची फी, आणि दोन स्पर्धांना जाण्या-येण्याचा खर्च. ही रक्कम बुडाली तरी तुमच्या ऑक्टोबर छाटणीला धक्का लागणार नाही इतकीच असावी, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून तिच्या हातात द्यावी. हिशेब तिनं लिहायचा. गाडी तिची सध्याचीच. आणि एक काम तुम्ही स्वतः करा. तिच्या अपघात विम्याची आणि आरोग्य विम्याची कागदं काढून बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये मोटार शर्यत वगळलेली असते. आयोजकांचा विमा किती रकमेचा आहे, हेही प्रवेश अर्ज भरण्याआधी लेखी विचारा. हे विचारायला लाजू नका, चांगला आयोजक लगेच उत्तर देतो.

शनिवार-रविवार तिला एखाद्या चांगल्या बाइक गॅरेजात कामाला लावा. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात इंजिनाचं, मशीनिंगचं काम जाणणारी माणसं पावलोपावली आहेत. महिंद्राच्या गाड्या नाशकात बनतात, त्यांची इंजिनं इगतपुरीला. डिग्रीनंतर तिला गाड्यांच्या चाचणीचं काम मिळालं तर दुधात साखर. पुण्याला एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. मुंबई-आग्रा महामार्गानं इंदूरकडं गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे, त्याचा वेगाच्या चाचण्यांचा ट्रॅक 11.3 किलोमीटरचा. दुचाकी कंपन्यांच्या संशोधन विभागांतही चाचणी इंजिनिअर लागतात. टीव्हीएस रेसिंगनं मुलींसाठी खास निवड चाचण्या घेतलेल्या आहेत, त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवायला सांगा. अशा नोकरीत पगारही मिळतो आणि गाडीही कळते. ड्रॅगचा खर्च मग तिच्या पगारातून होईल.

दोन मोसम असे जाऊ द्या. मग तिच्या वेळेच्या चिठ्ठ्या घेऊन दोघं बसा. सगळ्यात कमी वेळ कोणता ते बघू नका. लागोपाठच्या धावा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघा. एकाच गाडीवर, एकाच दिवशी तिच्या धावांत सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी फरक पडत असेल, पहिल्या 60 फुटांचा वेळ स्थिर असेल आणि लाल दिवे कमी होत असतील, तर मोठ्या गाडीचा विषय काढायला हरकत नाही. तोही तिच्या बचतीतून, किंवा एखाद्या संघानं गाडी दिली तर. तेवढं जमलं नाही तरी तिच्या हातात पदवी आहे, कारागिरी आहे, बागही जागेवर आहे. यातलं काहीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

मध्येच ती पुन्हा रस्त्यावर रेस लावताना सापडली, तर त्या वर्षीचा परवाना काढायचा नाही, एवढी एकच अट आधी बोलून घ्या आणि ती पाळा. या एका बाबतीत तुम्ही कडक राहिलात तर ती रागावेल. रागावू द्या.

राहिल्या वहिनी. 'आधी लग्न' यामागं मला धास्ती दिसते, विरोध नाही. पोरीचं हात-पाय मोडलं तर पुढं कसं, हा विचार कुठल्या आईला येत नाही? त्यांना समजावायला तुम्ही जाऊ नका, लेकीला जाऊ द्या. सूट, हेल्मेट, बूट सगळं घरी घेऊन येऊ दे, आईसमोर मांडून कुठली वस्तू कशासाठी ते सांगू दे. मग पहिल्या स्पर्धेला वहिनींना सोबत न्या, धाव बघायला नाही, सकाळच्या तपासणीच्या रांगेत उभं राहायला. तिथं अँब्युलन्स कुठं उभी आहे, डॉक्टर कोण आहेत, हे त्यांनी स्वतः विचारावं. लग्नाचं म्हणाल तर स्थळं बघायला माझी काही हरकत नाही, फक्त पहिल्या भेटीतच मुलीनं स्वतः सांगावं, की मी ड्रॅग रेस करते आणि लग्नानंतरही करणार आहे. ज्या घराला ते चालणार नाही, ते चहाच्या आतच कळलेलं बरं.